पंगत एक, ताटे बत्तीस: अमेरिकन फुटबॉलमधला पैसा कसा वाटला जातो

मिलवॉकीत राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या दिवाणखान्यात, गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत एक शेअर सर्टिफिकेट टांगलेले आहे. ३०० डॉलर मोजून घेतलेल्या या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही आणि त्याची किंमतही कधी वाढत नाही; फार तर जवळच्या नातेवाइकाच्या नावावर करता येतो. उभे आयुष्य हिशेबतपासणीत घालवलेल्या मला हा व्यवहार पहिल्यांदा कळला तेव्हा मी त्याला दोन शब्द सुनावले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मामा, हे गुंतवणुकीत धरू नका, वर्गणीत धरा."

ही वर्गणी ज्या कंपनीची, तिचे नाव ग्रीन बे पॅकर्स. विस्कॉन्सिन राज्यातल्या जेमतेम एक लाख सात हजार वस्तीच्या ग्रीन बे या गावाचा हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३पासून लोकांच्या मालकीचा आहे आणि आज त्याचे सुमारे ५ लाख ३८ हजार भागधारक आहेत. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, या ३२ संघांच्या संघटनेत बाकीचे ३१ संघ धनाढ्य कुटुंबांच्या हातात असून त्यांचे ताळेबंद बाहेरच्या कोणाला दिसत नाहीत. पॅकर्सना मात्र दर उन्हाळ्यात भागधारकांसमोर हिशेब मांडावा लागतो. त्यामुळे या अवाढव्य धंद्याचे अर्थकारण समजून घ्यायचे तर शितावरून भाताची परीक्षा करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि सुदैवाने या भाताची सगळी शिते, निदान अर्ध्याहून अधिक भागापुरती, अगदी एकसारखी आहेत.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अमेरिकेतल्या क्रीडाबातम्यांत एक आकडा झळकतो. २०२५च्या हंगामासाठी तो २७ कोटी ९२ लाख डॉलर होता. एका संघाने आपल्या सर्व खेळाडूंच्या पगारापोटी खात्यावर जास्तीत जास्त एवढीच रक्कम टाकायची, अशी ही पगारमर्यादा. तिकडे तिला 'सॅलरी कॅप' किंवा नुसते 'कॅप' म्हणतात. भांडवलशाहीच्या माहेरघरात, मालकांच्या खिशात पैसा खुळखुळत असताना, त्यांना तो खर्च करण्याची बंदी का असावी, हा प्रश्न नव्याने हा खेळ पाहणाऱ्या कोणालाही पडतो. त्याचे उत्तर पगाराच्या बाजूने शोधू गेल्यास सापडत नाही. ते उत्पन्नाच्या बाजूने शोधावे लागते.

पातेले किती मोठे आहे

३१ मार्च २०२५ला संपलेल्या आर्थिक वर्षात पॅकर्सचे एकूण उत्पन्न ७१ कोटी ९१ लाख डॉलर होते. त्यांपैकी ४३ कोटी २६ लाख डॉलर लीगच्या सामायिक पातेल्यातून आले आणि उरलेले, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस कोटी, तिकिटे, स्थानिक प्रायोजक, मैदानावरचे खाणेपिणे, दुकान अशा गावातल्या मार्गांनी. पातेल्यातला वाटा ३२ संघांना समान मिळत असल्यामुळे या आकड्याला ३२ने गुणले की पातेले सुमारे १३.८ अब्ज डॉलरचे असल्याचे कळते. न्यूयॉर्कच्या संघालाही तेवढेच, डॅलसलाही तेवढेच, आणि ज्या गावाची सगळी लोकसंख्या एकदोन मोठ्या मैदानांत सहज मावेल त्या ग्रीन बेलाही तेवढेच. या पंगतीत पंक्तिप्रपंच नाही.

पातेल्यातला मुख्य पदार्थ म्हणजे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणहक्क. २०२१मध्ये लीगने सीबीएस, एनबीसी, फॉक्स, ईएसपीएन आणि ॲमेझॉन यांच्याशी २०२३ ते २०३३ या ११ हंगामांसाठी जे करार केले, त्यांची एकत्रित किंमत सुमारे ११० अब्ज डॉलर आहे. शिवाय आपल्या भागात न दिसणारे रविवारचे सामने वेगळे पैसे भरून पाहण्याची सोय यूट्यूबकडे आहे, आणि तिचे उत्पन्न वेगळे. तुलनेसाठी सांगायचे तर आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, आणि तेव्हा आपल्याकडे डोळे विस्फारले गेले होते.

वाटून खाण्याची ही बुद्धी कोणाला सुचली

१९६०च्या आधी प्रत्येक संघ आपले सामने आपापल्या दराने विकत असे. न्यूयॉर्कमध्ये लाखो घरांत दूरचित्रवाणी संच असल्याने तिथल्या जायंट्स संघाला चांगला भाव मिळे, लहान गावांच्या संघांना फुटकळ रकमेवर समाधान मानावे लागे. जानेवारी १९६०मध्ये अवघ्या ३३ वर्षांच्या पीट रोझेल यांच्याकडे लीगचे आयुक्तपद आले. सगळ्या संघांचे हक्क एकगठ्ठा विकावेत आणि आलेले पैसे समान वाटावेत, ही कल्पना त्यांनी मालकांच्या गळी उतरवली. नव्याने निघालेली प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीग त्याच वर्षी नेमके असे करून मोकळी झाली होती, त्यामुळे कल्पना हवेत होतीच. खरी अडचण मोठ्या शहरांच्या संघांची समजूत घालण्याची होती. न्यूयॉर्कचे मारा कुटुंब, शिकागोचे जॉर्ज हॅलस आणि लॉस एंजेलिसचे डॅन रीव्हज यांनी होकार दिला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

होकार मिळाला, पण न्यायालय आडवे आले. सगळ्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन माल एकाच दराने विकणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असा निकाल १९६१मध्ये फिलाडेल्फियातल्या न्यायाधीशांनी दिला. रोझेल यांनी वॉशिंग्टन गाठले, आणि काही आठवड्यांतच अमेरिकन संसदेने क्रीडा प्रक्षेपणाला या कायद्यातून सूट देणारा नवा कायदा संमत केला. ३० सप्टेंबर १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी त्यावर सही केली. त्यानंतरचा सीबीएसबरोबरचा पहिला करार वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलरचा होता. १४ संघांत तो वाटला तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३ लाख ३२ हजार डॉलर आले. ग्रीन बेच्या हाती आज येणारी रक्कम त्याच्या तेराशे पट आहे.

हा समाजवाद म्हणायचा का?

भाच्याच्या कचेरीतल्या सहकाऱ्यांना हा प्रश्न विचारला की ते हसतात. माझ्या मते हा समाजवाद नाही, धंद्याची नीट समज आहे. शेजारची बेकरी बंद पडली तर बेकरीवाल्याला मनातून आनंदच होतो, कारण तिची गिऱ्हाइके त्याच्याकडे येतात. कुस्तीच्या फडाचे तसे नाही. समोरचा पैलवान उपाशी राहून लुळा पडला तर जिंकणाऱ्याचाही तोटाच होतो, कारण लोक पैसे मोजतात ते जोड तोडीस तोड असेल म्हणून. एकतर्फी कुस्ती लावली की फड रिकामा व्हायला वेळ लागत नाही. फुटबॉल लीगचा माल म्हणजे संघ नव्हे, सामना. आणि सामना एकट्याने तयार करता येत नाही. म्हणून हे मालक रविवारी दुपारी मैदानावर एकमेकांचे वैरी असतात आणि आठवड्याचे बाकीचे दिवस एकाच पेढीतले भागीदार.

घरून आणलेले तूप

पंगतीतला भात समान असला, तरी प्रत्येकाने घरून आणलेले तूप ज्याच्या त्याच्या ताटात पडते. तिकीटविक्रीच्या उत्पन्नातला ३४ टक्के हिस्सा पाहुण्या संघांचा म्हणून सामायिक पातेल्यात जातो आणि बाकीचा यजमानाकडे राहतो. पण मैदानावरच्या आलिशान खासगी कक्षांचे जादा भाडे, गाड्या लावण्याचे पैसे, खाद्यपेये, स्थानिक जाहिराती आणि मैदानाला कंपनीचे नाव देण्याचा मोबदला यांत लीगमधल्या इतर संघांचा वाटा नसतो.

हे तूप कोणी ओळखले असेल तर डॅलस काउबॉइजच्या जेरी जोन्स यांनी. त्यांनी हा संघ १९८९मध्ये सुमारे १४ कोटी डॉलरला घेतला. १९९५मध्ये, लीगचे अधिकृत शीतपेय कोका-कोला असताना, त्यांनी पेप्सीशी परस्पर करार केला. करार संघाशी नव्हता, संघाच्या मैदानाशी होता, अशी त्यातली मेख. मग नायकेशीही तसाच करार झाला. लीगने त्यांच्यावर ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला, जोन्स यांनी उलट ७५ कोटींचा, आणि १९९६च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी तडजोड करून दावे मागे घेतले. मैदान हा स्वतंत्र धंदा आहे, हे त्या दिवसापासून सगळ्यांना कळून चुकले. २००९मध्ये डॅलसचे नवे, एक अब्जाहून अधिक खर्चाचे मैदान उभे राहिले, आणि 'फोर्ब्स'च्या अंदाजानुसार आज या एकाच संघाचे वार्षिक उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे आहे. पॅकर्सच्या ७२ कोटींशी याची तुलना केली की तुपाचा महिमा लक्षात येतो.

मर्यादेचा आकडा येतो कुठून

बहुतेकांची समजूत अशी असते की कोणीतरी वरिष्ठ बसून 'यंदा एवढे पुरेत' असे ठरवतात. प्रत्यक्षात हा आकडा म्हणजे भागाकाराचे उत्तर आहे. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात एक सामूहिक करार आहे. सध्याचा करार २०२०मध्ये झाला आणि तो २०३०च्या हंगामापर्यंत चालेल. त्यानुसार लीगच्या सगळ्या उत्पन्नाचे प्रकार पाडले जातात. प्रक्षेपणाच्या उत्पन्नात खेळाडूंचा हिस्सा ५५ टक्के, लीगच्या इतर धंद्यांत ४५ टक्के आणि संघांच्या स्थानिक उत्पन्नात ४० टक्के. बेरीज-वजाबाकी होऊन एकूण उत्पन्नाचा किमान ४८ टक्के भाग खेळाडूंच्या वाट्याला यावा, असे बंधन आहे. या रकमेतून निवृत्तिवेतन, विमा वगैरे सोयींचा खर्च वजा करायचा, उरलेल्याला ३२ने भागायचे, की झाली कॅप. २०२०मध्ये ती १९ कोटी ८२ लाख डॉलर होती. करोनाने मैदाने ओस पाडल्यावर २०२१मध्ये १८ कोटी २५ लाखांवर घसरली आणि २०२४मध्ये २५ कोटी ५४ लाखांवर गेली. उत्पन्न खाली आले की तीही खाली येते, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

आता पॅकर्सचा कागद पुन्हा समोर घेऊ. २०२४च्या हंगामात कॅप २५ कोटी ५४ लाख आणि खेळाडूंच्या सोयींचा खर्च प्रत्येक संघामागे ७ कोटी ४० लाख; बेरीज ३२ कोटी ९४ लाख. त्याच हंगामाचा लीगकडून आलेला धनादेश ४३ कोटी २६ लाखांचा. म्हणजे एकही तिकीट विकले गेले नाही, एकही बियरचा ग्लास खपला नाही, तरी खेळाडूंचा नियमाप्रमाणे होणारा सगळा खर्च भागून दहा कोटी डॉलर हातात उरतात. अशा धंद्यात बुडण्यासाठी विशेष कौशल्य लागेल. प्रशिक्षक, प्रवास, मैदानाची देखभाल हे सगळे खर्च जाऊनही पॅकर्सना त्या वर्षी ८ कोटी ३७ लाखांचा नफा झाला.

या गणितात एक खोच आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. स्थानिक उत्पन्नाचा ४० टक्के हिस्सा मोजताना सगळ्या ३२ संघांचे स्थानिक उत्पन्न एकत्र धरले जाते, पण कॅप मात्र सर्वांना सारखी लागू होते. डॅलसने नवे कक्ष भाड्याने दिले की पैसे डॅलसच्या तिजोरीत जातात. कॅप मात्र ग्रीन बे, जॅक्सनव्हिल, सिनसिनाटी यांचीही वाढते, आणि वाढलेला पगार त्यांना आपल्या खिशातून द्यावा लागतो. शेजाऱ्याच्या घरी तूप वाढले म्हणून आपल्या घरचा वाणसामानाचा खर्च वाढावा, असा हा प्रकार. मोठ्या शहरांच्या आणि लहान गावांच्या मालकांमधली खरी धुसफूस इथे आहे, आणि पुढच्या करारात ती वर येईल असे मला वाटते.

मर्यादा आहे, तर संघ तिच्यापेक्षा जास्त पैसे कसे देतात?

कारण कॅप रोख रकमेवर नाही, खात्यावर आहे. बेकरीवाल्याने पाच लाखांची भट्टी घेतली तर पैसे आजच जातात, पण वहीत तो खर्च घसारा म्हणून दरवर्षी एक लाख असा पाच वर्षे दाखवला जातो. इथेही तेच. करारावर सही करताना खेळाडूला जी रोख रक्कम देतात, तिला 'साइनिंग बोनस' म्हणतात आणि ती कॅपच्या खात्यात जास्तीत जास्त पाच वर्षांत समान विभागता येते. पाच कोटी आज दिले, तरी यंदाच्या खात्यावर एकच कोटी चढतो. मर्यादा जवळ आली की संघ एखाद्या जुन्या खेळाडूचा चालू वर्षाचा पगार बोनसमध्ये बदलून घेतात. खेळाडूला पैसे लवकर मिळतात, संघाला यंदापुरती जागा मिळते आणि बोजा पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. कराराच्या शेवटी, जी वर्षे खेळाडू कधी खेळणारच नाही अशी पोकळ वर्षेही केवळ घसारा पसरवण्यासाठी जोडतात. इतक्या उघडपणे केलेली वर्षांची भरताड माझ्यासमोर कोणा गिऱ्हाइकाने आणली असती तर मी ती वही परत पाठवली असती. इथे मात्र ती नियमात बसते.

पण भट्टी दोन वर्षांत भंगारात काढली तर उरलेले तीन लाख एकदम नुकसानीत दाखवावे लागतात. खेळाडूला मुदतीआधी सोडले की त्याच्या नावावरचा न दाखवलेला बोनसही तसाच अंगावर येतो. याला 'डेड मनी' म्हणतात, आपण बुडीत खाते म्हणू. टँपा बे संघाचा नामांकित खेळाडू टॉम ब्रेडी २०२३च्या सुरुवातीला निवृत्त झाला, तरी त्या हंगामात त्याच्या नावाचे ३ कोटी ५१ लाख डॉलर टँपा बेच्या खात्यावर उभे होते. २०२४मधला विक्रम मात्र डेन्व्हरचा. रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू कुठे आणि कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या संघाच्या सूत्रधाराला, त्यांनी मार्च २०२४मध्ये सोडले. बोनसची उरलेली रक्कम आणि आधीच हमी दिलेला पगार मिळून ८ कोटी ५० लाखांचा खड्डा पडला. तो ५ कोटी ३० लाख आणि ३ कोटी २० लाख असा दोन वर्षांत भरायचा ठरला. विल्सन पिट्सबर्गला गेला, पिट्सबर्गने त्याला किमान वेतनाचे १२ लाख १० हजार डॉलर दिले आणि त्या वर्षीच्या बाकीच्या पगाराचा भार डेन्व्हरने उचलला. गंमत म्हणजे एवढा दगड गळ्यात असताना डेन्व्हरने त्याच हंगामात नवख्या बो निक्सला सूत्रधार करून बाद फेरी गाठली.

उघड लबाडीला शिक्षा आहे. याच डेन्व्हरने १९९०च्या दशकात खेळाडूंना काही रकमा मागाहून देण्याचे परस्पर ठरवून त्या हिशेबाबाहेर ठेवल्या होत्या. त्याबद्दल पुढे दोन वेळा मिळून सुमारे १९ लाख डॉलरचा दंड झाला आणि दरवर्षी सगळे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यातल्या काही पाळ्याही गेल्या. तोवर त्यांनी दोन विजेतेपदे खिशात घातली होती, त्यामुळे सौदा महाग पडला असे म्हणवत नाही. याहून चमत्कारिक प्रकार २०१२चा. करार संपत आल्यामुळे २०१०चा हंगाम कॅपविना झाला होता. डॅलस आणि वॉशिंग्टन यांनी त्या वर्षी आपले जड पगार उरकून टाकले. नियम नसताना नियम मोडल्याबद्दल लीगने दोन वर्षांनी डॅलसच्या कॅपमधून १ कोटी आणि वॉशिंग्टनच्या कॅपमधून ३ कोटी ६० लाख कापले. भागीदारीतला अलिखित समझोता लिखित नियमापेक्षा कडक असतो, एवढेच यातून दिसते.

खेळाडूंनी हे मान्य का केले?

कारण त्याबदल्यात त्यांना स्वातंत्र्य मिळाले. पूर्वी करार संपला तरी खेळाडूला मनाप्रमाणे संघ बदलता येत नसे. १९८७मध्ये खेळाडूंनी संप केला, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू उतरवून सामने चालू ठेवले आणि संप मोडला. मग संघटनेने मैदान सोडून न्यायालयाची वाट धरली. १९९२मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने मालकांची बंधने बेकायदा ठरवली आणि १९९३मध्ये तडजोड झाली: ठरावीक वर्षे खेळल्यावर खेळाडू मोकळा होईल, आणि १९९४पासून पगाराला मर्यादा असेल. पहिली मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलरची होती.

खेळाडू मोकळे झाले की ते मोठ्या शहरांत पळतील आणि ग्रीन बेसारखी गावे ओस पडतील, अशी भीती तेव्हा सर्रास बोलून दाखवली जात होती. १९९३मध्ये मोकळ्या झालेल्या खेळाडूंतला सर्वांत मोठा मोहरा रेजी व्हाइट होता, आणि ज्या खटल्याने तडजोडीला आकार दिला त्यावर त्याचेच नाव होते. त्याने चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर घेऊन निवडले ते ग्रीन बे. जानेवारी १९९७मध्ये तिथे विजेतेपदही आले. सामायिक पातेले नसते तर ते १ कोटी ७० लाख त्या गावाकडे असते का, याचे उत्तर सांगण्याची गरज नाही.

कॅपला तळही आहे. तीन वर्षांच्या टप्प्यात प्रत्येक संघाने कॅपच्या किमान ९० टक्के रक्कम रोख खर्च केलीच पाहिजे, म्हणजे फुकटचा धनादेश घेऊन हातावर हात ठेवून बसता येत नाही. तरीही या व्यवहारात सगळ्याच खेळाडूंचे भले झाले असे मी म्हणणार नाही. एकूण रक्कम ठरलेली असल्याने एकाला जास्त म्हणजे दुसऱ्याला कमी, आणि हे कमी मिळणे ज्यांना मताचा अधिकार नव्हता त्यांच्यावर ढकलले गेले. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाखांचा करार करून गेला. २०११च्या करारात नवख्यांच्या वेतनाला वेगळी श्रेणी लागली आणि त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. ज्यांची कारकीर्द अजून सुरूच झाली नव्हती, ते संघटनेचे सभासदही नव्हते. २०२०चा करारसुद्धा खेळाडूंनी १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनीच स्वीकारला, आणि त्यात सामन्यांची संख्या १६वरून १७ करण्याची मुभा मालकांना मिळाली. वर्तमानपत्रात छापून येणारे मोठमोठे करारही बहुतांशी पूर्ण हमीचे नसतात. शेवटच्या वर्षांचे पैसे अनेकांना कधी दिसत नाहीत.

मग बरोबरी येते का?

पैशाची येते, अकलेची येत नाही. ब्रेडी टँपा बेला जाण्याआधी ज्या संघात होता, त्या न्यू इंग्लंडने त्याच्या काळात सहा विजेतेपदे मिळवली, २०१९ ते २०२३ या पाच हंगामांत कॅन्सस सिटीने तीन, आणि हे सारे त्याच कॅपखाली. दुसरीकडे क्लीव्हलँड आणि डेट्रॉइट हे जुनेजाणते संघ एकदाही सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, खेळलेले नाहीत. समान धान्य दिले म्हणून स्वयंपाक समान होत नाही.

कॅपने एक मात्र केले: यश स्वस्तात मिळवण्याची चढाओढ लावली. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२मध्ये अगदी शेवटच्या, २६२व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक घेतला. नवख्यांच्या वेतनश्रेणीनुसार त्याला वर्षाला दहा लाख डॉलरही मिळत नव्हते. याच कामासाठी इतर संघ पाच कोटींच्या घरात मोजत होते, म्हणून उरलेले पैसे सॅन फ्रान्सिस्कोला बाकीच्या संघावर लावता आले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ते अंतिम सामन्यात उतरले. पुढच्याच वर्षी पर्डीने पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार केला, आणि ती स्वस्ताई संपली. चांगली निवड केलीत तर चार वर्षांची सवलत, नंतर पूर्ण दर. या चक्रामुळेच बहुतेक संघांना वरच्या जागेवर फार काळ बसता येत नाही.

एक फट मात्र उरते. बोनस रोखीत द्यावा लागतो, आणि भविष्यातल्या हमीच्या पगाराचे पैसे आधीच तिसऱ्याच्या ताब्यात ठेवण्याचा जुना नियमही आहे. ज्याच्या हाताशी रोकड, तो मालक घसाऱ्याचा खेळ मोकळेपणाने खेळतो. ग्रीन बेला असा एक धनाढ्य मालक नसल्यामुळे त्यांनी अडीअडचणीसाठी वेगळी गंगाजळी बाळगली आहे.

आणि बिल कोण भरते?

मालक आणि खेळाडू यांच्यातली वाटणी इतकी काटेकोर आहे, की तिसरा पक्ष सहज विसरला जातो. रविवारच्या सामन्यांचे वेगळे पॅकेज घेणाऱ्या ग्राहकांनी लीगवर खटला भरला होता. १९६१च्या कायद्याची सूट फुकट दिसणाऱ्या प्रक्षेपणाला आहे, पैसे घेऊन दाखवलेल्या सामन्यांना नाही, असे त्यांचे म्हणणे. जून २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्यांच्या बाजूने ४.७ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी ती रद्द केली आणि ग्राहक अपिलात गेले. हे प्रकरण गंभीर अशासाठी, की एकगठ्ठा विक्रीचा पायाच डळमळला तर पातेले राहत नाही, पातेले गेले की समान वाटा जातो, आणि समान वाटा गेला की समान कॅपला अर्थ उरत नाही.

करदात्यांची गोष्ट याहून साधी आहे. तूप घरून आणायचे म्हटले की मैदान हवे, आणि मैदानासाठी संघ सरकारकडे हात पसरतात. बफेलोच्या नव्या मैदानाला न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि स्थानिक काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, २५ कोटी डॉलर देऊ केले. ग्रीन बेही याला अपवाद नाही. सप्टेंबर २०००मध्ये तिथल्या ब्राउन काउंटीच्या मतदारांनी पॅकर्सच्या लँबो फील्ड या मैदानाच्या नूतनीकरणासाठी प्रत्येक खरेदीवर अर्धा टक्का विक्रीकर स्वतःवर लादून घेतला, आणि तो २०१५पर्यंत चालला. त्या करातून वाढलेल्या खुर्च्यांची तिकिटे आज विकली जातात, तेव्हा त्यांतले ३४ टक्के पातेल्यात जातात आणि त्याचा बत्तिसावा भाग डॅलसच्या ताटात पडतो.